ॲटनबरो: एका विरळ इंग्रजी आडनावाचं गाव, नकाशा आणि रक्त

ट्रेंटकाठ (धागाकर्ती)

मंडळी,

नॉटिंगहॅमहून डर्बीच्या दिशेनं जाणाऱ्या थांबत जाणाऱ्या गाडीत बसलं की बीस्टननंतर एक लहानसं स्टेशन लागतं. पाटीवर नाव आहे ॲटनबरो. मी इथे नवीन होते तेव्हा मला वाटलं, निसर्गावरचे माहितीपट करणारे सर डेव्हिड ॲटनबरो यांच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव असणार. शेजारच्या आजींनी माझी समजूत दुरुस्त केली. गाव आधीचं, कित्येक शतकं आधीचं. आडनाव त्या गावावरून आलं.

गावात ट्रेंट नदी आहे, सेंट मेरीचं जुनं दगडी चर्च आहे आणि नदीकाठची खडी उपसून झालेल्या खाणींत पाणी भरून तयार झालेली मोठमोठी तळी आहेत. 1966 साली ही तळी पक्ष्यांसाठी राखीव झाली, तेव्हा उद्घाटनाला डेव्हिड ॲटनबरोच आले होते. आडनाव आपल्या गावी परत आलं, असं मला हे कळलं त्या दिवशी वाटलं आणि मग मी या आडनावाच्या मागेच लागले. गेल्या दीड वर्षात जे हाती आलं ते इथे मांडते.

आपल्याकडे हे नाव डेव्हिड यांचे भाऊ, दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांच्यामुळे माहीत झालं. त्यांच्या ‘गांधी’ चित्रपटातल्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. पण हे आडनाव इंग्लंडमध्येही विरळ आहे. स्मिथ किंवा जोन्स गल्लोगल्ली भेटतात; इथे इतकी वर्षं राहून मला ॲटनबरो आडनावाचं माणूस प्रत्यक्ष एकदाच भेटलं.

आता मुख्य प्रश्न. या आडनावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात.

पहिली अशी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ हा शब्दयोग ‘अमुकपाशी’ या अर्थानं माणसाच्या नावापुढे लागायचा. रानापाशी राहणारा तो ॲटवुड, झऱ्यापाशी राहणारा तो ॲटवेल. ‘ॲटन ॲश’ म्हणजे ॲशच्या झाडापाशी राहणारा. त्यातला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि नॅश हे आडनाव तयार झालं. ओक झाडांपाशी राहणाऱ्यांचं तसंच नोक्स झालं. याच चालीवर ॲटन-बरो म्हणजे गढीपाशी राहणारा.

दुसरी व्युत्पत्ती थेट गावाची. जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा, आणि गावाच्या नावाचा सुरुवातीचा भाग हे त्या जागेशी जोडलेल्या कुणा सॅक्सन माणसाचं नाव. म्हणजे या गावाच्या नावातल्या ‘ॲटन’चा ‘अमुकपाशी’शी काही संबंध नाही. कानाला सारखं लागतं, इतकंच.

शब्दकोश घेऊन बसलं तर दोन्ही पटतात. निकाल नकाशा लावतो. गढ्या इंग्लंडभर होत्या. ‘गढीपाशी’ राहणारे ससेक्समध्ये असतील तसे नॉर्फकमध्येही असतील. पहिली व्युत्पत्ती खरी असती तर हे आडनाव देशभर विखुरलेलं दिसायला हवं होतं, आणि दक्षिणेत जास्त, कारण ‘ॲट’वाली आडनावं तिकडेच दाट आहेत. प्रत्यक्षात 1881 च्या जनगणनेवरून केलेला नकाशा पाहिला की डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर हे दोन शेजारी परगणे गडद दिसतात. बाकी देश बराचसा कोरा, आणि खाली लंडनला एक वेगळा ठिपका. गडद भाग या गावाभोवतीच आहे.

1881 चीच जनगणना का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. कुलवृत्तांत शोधणाऱ्या इथल्या मंडळांच्या स्वयंसेवकांनी आणि मॉर्मन चर्चच्या वंशावळ संस्थेनं मिळून त्या जनगणनेची पानंच्या पानं हातानं उतरवली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून सुमारे तीन कोटी माणसं. प्रत्येकाचं राहण्याचं ठिकाण आणि जन्मगावसुद्धा. त्यामुळे लंडनमध्ये राहणारा माणूस मुळात डर्बीशायरला जन्मला होता हे कळतं. त्याच्या मागे जायचं तर 1662 ते 1689 मधला चूल-कर आहे, ज्यात घरातल्या चुली मोजून कर लावत. त्याआधी 1538 पासूनच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या. आणि त्याहून मागे 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या याद्या. त्या सगळ्या परगण्यांच्या टिकल्या नाहीत, पण जिथे टिकल्या तिथे आडनावं नुकती घट्ट होत असताना दिसतात.

लंडनच्या ठिपक्याबद्दल: व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे ॲटनबरो हे नाव वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानांवर झळकत होतं. एका घराण्याचा धंदा फोफावला आणि नकाशावर ठिपका उमटला.

आता मला सर्वात भावलेली गोष्ट. डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो 1887 साली स्टेपलफर्डला जन्मले. स्टेपलफर्ड ॲटनबरो गावापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे! आडनावं पडली तेराव्या-चौदाव्या शतकात. मधली पाचशे-सहाशे वर्षं, प्लेग, यादवी युद्ध, कापडाचे माग, कोळशाच्या खाणी, एवढं सगळं होऊनही हे आडनाव चालत जाण्याच्या अंतरावरच राहिलं होतं.

नंतर फ्रेडरिक लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले, 1932 ते 1951. मुलं त्या आवारातच वाढली. त्याच संस्थेचं पुढे विद्यापीठ झालं, आणि विरळ आडनावांचं रक्त तपासण्याचं काम तिथेच झालं. त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं अशी विनंती.

मोडीवाचक

फार छान धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक मुद्दा जोडतो. गावावरून आडनाव पडतं ते गाव सोडल्यावर. ॲटनबरो गावात राहणाऱ्या विल्यमला गावकरी ‘ॲटनबरोचा विल्यम’ का म्हणतील? तिथले सगळेच ॲटनबरोचे. तो दोन गावं पलीकडे गेला की तिथले लोक त्याला तसं ओळखायला लागतात. आपल्या ‘कर’वाल्या आडनावांचं बरंचसं तसंच आहे. सातारकर साताऱ्यात कमी आणि पुण्या-मुंबईत जास्त सापडावेत, यात नवल नाही.

म्हणजे नकाशावर गाव हे वर्तुळाच्या आत असतं, पण गावातच सगळ्यात जास्त माणसं असतील असं धरून चालू नये.

ट्रेंटकाठ

@मोडीवाचक, अगदी बरोबर, आणि हे मी लिहायला हवं होतं. 1881 मध्येही गर्दी खुद्द गावात नाही, आजूबाजूच्या परगण्यात आहे. आणखी एक: माणूस जितका लांब जाईल तितकं लहान गावाचं नाव निरुपयोगी ठरतं. लंडनला पोचलेल्याला लोक परगण्याच्या किंवा मोठ्या शहराच्या नावानं ओळखणार, कारण हे खेडं त्यांनी ऐकलेलंच नसतं. म्हणून लहान गावाचं आडनाव बहुतेक वेळा दहा-वीस मैलांतच जन्माला येतं. नकाशा गावाकडे बोट दाखवतो तो त्यामुळेच.

पेशीरंग

विनंतीला मान देऊन.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्रजी आडनावही तसंच जातं. म्हणून दोघांची सांगड घालून पाहता येते. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी 2000 साली स्वतःच्याच आडनावापासून सुरुवात केली. साइक्स हे यॉर्कशायरचं नाव, ओढ्यावरून पडलेलं. ओढे जागोजागी, त्यामुळे मूळपुरुष अनेक असतील असाच अंदाज होता. पण तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वाय एकाच प्रकारचं निघालं.

लेस्टरला टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. 2006 च्या अभ्यासात त्यांनी 150 आडनावं घेतली आणि प्रत्येक आडनावाचे, एकमेकांना न ओळखणारे दोन पुरुष. सुमारे चोवीस टक्के जोड्यांत नातं दिसलं. आडनाव जितकं विरळ तितकी जुळण्याची शक्यता जास्त; अगदी विरळ नावांत ती निम्म्याच्या आसपास. 2009 मध्ये त्यांनी 40 आडनावांचे 1,678 पुरुष तपासले. स्मिथसारख्या नावात दोघांचं वाय जुळणं म्हणजे रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांचं जुळण्यासारखं. ॲटनबरोंमध्ये मात्र सुमारे 87 टक्के पुरुष एकाच प्रकारचे, आणि तो प्रकार इंग्लंडमध्ये एरवी क्वचित सापडणारा! स्पेलिंग थोडं वेगळं लिहिणारेसुद्धा त्यातच.

प्रकार क्वचित सापडणारा आहे हे फार महत्त्वाचं. नेहमीचा प्रकार असता तर योगायोग म्हणता आलं असतं. इथे ते म्हणता येत नाही. म्हणजे आजचे बहुतेक ॲटनबरो एका पुरुषाचे वंशज आहेत, आणि ‘गढीपाशी राहणारे अनेक’ ही व्युत्पत्ती इथेही टिकत नाही.

अवांतर: डीएनए ठसा ओळखण्याची पद्धत अलेक जेफ्रीज यांना सापडली तीही लेस्टरलाच, सप्टेंबर 1984 मध्ये.

अंकलिपी

@पेशीरंग, एक हिशेब जुळत नाही. त्याच संशोधकांचा अंदाज आहे की दर पिढीला 1 ते 4 टक्के वेळा आडनाव आणि वाय यांची साखळी तुटते. कधी दत्तक, कधी आईचं आडनाव लावणं, कधी लग्नाबाहेरचं मूल. 2 टक्के धरा. 20 पिढ्यांनंतर मूळ वाय 67 टक्क्यांतच उरायला हवं. मग ॲटनबरोंत 87 कसं?

पेशीरंग

प्रश्न रास्त आहे. 1 ते 4 हा आकडा सगळ्या आडनावांचा मिळून आहे. एकेका आडनावात नशिबाचा भाग मोठा असतो. साखळी जिथे तुटली ती शाखा पुढे निर्वंश झाली असेल, आणि जिथे टिकली तिला भरपूर मुलगे झाले असतील. विरळ आडनावात एकूण शाखाच थोड्या, त्यामुळे हे चढउतार जास्त. उलटंही घडतं.

अंकलिपी

समजलं, म्हणजे हे गॉल्टनचं कोडं आहे. मग मला लिहायलाच हवं, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

1873 साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकानं प्रश्न विचारला होता: नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? त्यांना वंशाचा कस उतरतो का हे बघायचं होतं. हेन्री वॉटसन या गणिती धर्मगुरूंनी उत्तर काढलं आणि 1874 मध्ये दोघांनी ते मांडलं. कस उतरण्याची गरजच नाही. निव्वळ योगायोगानं आडनावं संपतात.

मी स्वतः करून पाहिलेला हिशेब देतो. समजा प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, पण कुणाला शून्य, कुणाला दोन, कुणाला चार, असे यदृच्छेनं. पहिल्याच पिढीत 37 टक्के पुरुषांना मुलगा नाही. दुसऱ्या पिढीअखेर 53 टक्के वंश संपले. पाचव्या पिढीअखेर 73 टक्के. दहाव्या पिढीअखेर 84 टक्के. म्हणजे चौदाव्या शतकात ॲटनबरो नावाचे सहा वेगवेगळे पुरुष आजूबाजूच्या गावांत असतील असं धरलं, तरी अडीच-तीनशे वर्षांनी त्यांतल्या एकाचाच वंश उरणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात 1348-49 चा महाप्लेग, ज्यात इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. किती आडनावं तिथेच संपली असतील!

म्हणून माझी एक दुरुस्ती. वाय जुळतं याचा अर्थ ‘आडनाव एकालाच पडलं’ असा होत नाही. ‘एकाचंच उरलं’ असा होतो.

वॉटसननी एक चूक केली होती. सरासरी एकाहून जास्त असली तरी सगळी आडनावं शेवटी संपतात, असं त्यांचं उत्तर आलं. ते खरं नाही. लोकसंख्या वाढती असेल तर काही कायम टिकतात. याच गणिताचा नीट वापर 1927 मध्ये जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी केला, नवीन जनुकीय बदल टिकेल की पुसला जाईल हे काढण्यासाठी. हे हाल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन राहिले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

ट्रेंटकाठ

@अंकलिपी, ही दुरुस्ती मला मान्य आहे आणि मी मूळ लेखात तशी नोंद करते. ‘मूळपुरुष’ म्हणताना आपण पहिला माणूस डोळ्यासमोर आणतो. तो खरं तर टिकलेल्या वंशाचा माणूस.

बखरप्रेमी

गावाचा विषय निघालाय तर तिथल्या सर्वात प्रसिद्ध माणसाचं नाव यायला हवं. हेन्री आयरटन, जन्म 1611, चर्चला लागूनच घर. राजाविरुद्धच्या यादवीतला सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल, त्याचा जावई. राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्यांपैकी एक. 1651 मध्ये आयर्लंडच्या लिमरिकला वारला, आणि राजेशाही परतल्यावर 1661 मध्ये त्याचं प्रेत उकरून टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी दिलं गेलं.

आडनावांच्या दृष्टीनं ही सोयरीक पाहा. आयरटन हे शेजारच्या डर्बीशायरमधल्या गावाचं नाव. क्रॉमवेल हेही गावाचंच नाव, आणि तेही नॉटिंगहॅमशायरमधल्याच, ट्रेंटकाठीच, न्यूअर्कच्या उत्तरेला. पण ऑलिव्हर क्रॉमवेल पुरुषवंशानं क्रॉमवेल नव्हताच! त्याचा पूर्वज मॉर्गन विल्यम्स हा वेल्श. त्यानं आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या बहिणीशी लग्न केलं. दरबारात मामाचं वजन इतकं होतं की भाच्यानं, रिचर्डनं, मामाचं आडनाव लावलं. घराण्याच्या कागदपत्रांत पुढेही ‘विल्यम्स ऊर्फ क्रॉमवेल’ असं येतं. ऑलिव्हर हा त्या रिचर्डचा पणतू.

आणि 1538 मध्ये चर्चच्या वह्या ठेवायचा हुकूम काढला तो याच थॉमस क्रॉमवेलनं. ज्याच्या हुकमामुळे आज आडनावं मागे नेता येतात, त्याचंच आडनाव भाच्याकडून पुढे गेलं.

पेशीरंग

@बखरप्रेमी, साखळी तुटण्याचं याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. आडनाव नॉटिंगहॅमशायरचं, वाय वेल्सचं.

खाडीपलीकडे

सगळं वाचलं, आवडलं. पण आपल्या आडनावांशी तुलना करताना जपून. सिंधुदुर्गातल्या आमच्या भागात एकाच गावावरून पडलेलं ‘कर’ आडनाव वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या कुळांची माणसं लावतात. कुलदैवत वेगळं, कधीकधी आपसात सोयरीकही होते. आमच्याच घरात पणजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा हजेरीपटावर गावाचं नाव लागलं आणि तेच पुढे शाळेच्या दाखल्यावर आलं. गावी राहिलेले चुलते आजही जुनंच आडनाव लावतात. म्हणजे सख्ख्या भावांच्या वंशात दोन आडनावं, आणि परक्यांच्यात एक. आमचं वाय तपासलं तर 87 टक्के सोडाच, काय निघेल सांगता येत नाही. आपल्याकडे नातं आडनावात शोधत नाहीत, कुळात आणि देवकात शोधतात.

मोडीवाचक

@खाडीपलीकडे, सहमत. काळाचा फरक आहे. तिथली बहुतेक आडनावं सहाशे वर्षं गोठलेली, आपली बरीचशी शंभर-दीडशे वर्षांत दप्तरात गोठली. मोडी कागदांत तर माणूस हुद्द्यानं, बापाच्या नावानं आणि गावानं, तिन्ही प्रकारे येतो. तोच माणूस आहे हे ठरवण्यात माझे आठवडे जातात.

सईबाईची पणती

मला एक खटकतंय. या साऱ्यात मुली कुठे आहेत? ॲटनबरो घराण्यातल्या लेकी लग्न होऊन गेल्या, त्यांचेही वंशज आहेतच ना? नकाशावर ते दिसतच नाहीत.

पेशीरंग

दिसत नाहीत, आणि ते आडनाव लावणाऱ्यांहून कितीतरी पटीनं जास्त असणार. आडनाव हा एकच धागा आहे, बाकी सगळं वस्त्र त्याबाहेर.

याचं ठळक उदाहरण लेस्टरचंच. 2012 मध्ये तिथे वाहनतळाखाली राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. तपासणी याच टुरी किंग यांनी केली. राजाच्या बहिणीपासून मुलगी, मुलीची मुलगी अशा निव्वळ स्त्रीवंशानं आलेल्या आजच्या माणसांचं मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मुलांना मिळणारं, जुळलं. पुरुषवंशाच्या नातलगांचं वाय मात्र जुळलं नाही. मध्ये कुठेतरी साखळी तुटलेली होती. राजघराण्याची वंशावळ कागदावर चोख होती, तरीही. आयांचा धागा टिकला, बापांचा तुटला.

सईबाईची पणती

हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

बखरप्रेमी

विरळ आडनावाचं वाय नेहमी स्थानिकच निघतं का? की एखादं दूरचंही निघालं आहे?

पेशीरंग

निघालं आहे. याच गटाचा 2007 चा अभ्यास. पूर्व यॉर्कशायरचं रेव्हिस हे अतिशय विरळ आडनाव. त्यातल्या तपासलेल्या 18 पुरुषांपैकी सात जणांचं वाय पश्चिम आफ्रिकेत आढळणारं, तेही मानवाच्या वाय-वंशवृक्षाच्या अगदी तळाच्या, सर्वात जुन्या फांदीवरचं. दिसायला सगळे गोरे यॉर्कशायरवासी, कुणाला घराण्यात अशी काही गोष्ट ऐकूनही माहीत नव्हती. त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकापर्यंत यॉर्कशायरमध्येच नेता आल्या. म्हणजे तो आफ्रिकी पूर्वज त्याहूनही आधी इंग्लंडमध्ये आलेला होता. रोमन सैन्यातून की गुलामांच्या व्यापाराच्या काळात, हे वाय सांगू शकत नाही.

खाडीपलीकडे

अंगावर काटा आला वाचून.

@ट्रेंटकाठ, आज या आडनावाचा नकाशा कसा दिसतो? अजून तिथेच आहेत का?

ट्रेंटकाठ

आता पसरलेत, पण केंद्र हललेलं नाही. मतदार याद्यांवरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं आडनावांचे नकाशे केले आहेत. 1881 चा आणि आताचा नकाशा शेजारी ठेवून पाहता येतो. लंडन आणि दक्षिण थोडी भरलेली दिसते, तरी नॉटिंगहॅम-डर्बीचा पट्टा अजून उठून दिसतो. आगगाडी आली, मोटार आली, विद्यापीठं आली, तरी बहुतेक घराणी काकाच्या आणि आत्याच्या जवळपासच राहिली.

निवृत्त तलाठी

उशिरा आलो या धाग्यावर. आयुष्यभर सातबाऱ्यावर नावं लावण्यात गेलं, त्यामुळे एका बैठकीत वाचून काढला. पुढच्या महिन्यात मुलाकडे लेस्टरला येतो आहे. ॲटनबरो गावी जायचं तर काय पाहावं?

ट्रेंटकाठ

@निवृत्त तलाठी, जरूर या. लेस्टरहून नॉटिंगहॅमकडे येणारी थांबत जाणारी गाडी घ्या आणि ती ॲटनबरोला थांबते ना, एवढं आधी बघून ठेवा. स्टेशनातून बाहेर पडलं की चर्च चालत पाच-सात मिनिटांवर आहे. आजूबाजूची थडगी सावकाश वाचा, जुन्या दगडांवरची अक्षरं झिजली आहेत, सकाळचं तिरपं ऊन असेल तर बरी लागतात. मग मागच्या तळ्यांकडे वळा. तिथे बंधाऱ्यावरून पायवाट आहे आणि नशिबात असेल तर खंड्या दिसतो. परतताना वेळ उरला तर स्टेपलफर्डही करता येईल, बसनं जवळ आहे. पायात चांगले बूट घाला, नदीकाठी चिखल असतो. आणि आलात की इथेच निरोप टाका, मी बीस्टनलाच राहते, चहाला या.